बाहेरच्या भांड्याला अक्षरी पाच रुपये

दुकानात गिऱ्हाईक असलं की किस्से लक्षात राहत नाहीत, कारण हात चालू असतात. गिऱ्हाईक नसलं की मात्र माणसं काउंटरवर कोपर टेकून एकमेकांना कालचं सांगत बसतात. गेल्या चार-पाच वर्षांत आमच्याकडे किस्स्यांचा स्टॉक किती झाला असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

आमचं दुकान म्हणजे पेणच्या बाजारातलं दत्ताशेठांचं भांड्यांचं दुकान. माझं नव्हे, पण सव्वीस वर्षं रोज रोह्याहून येऊन तिथे उभं राहिलं की माणूस 'आमचं' म्हणायला लागतो. मी विक्री बघतो, पण माझं खरं काम भांड्यांवर नावं घालायचं. ते घरघरणारं मशीन हातात धरायचं आणि टोपाच्या काठावर कुणाची सौ., कुणाचा चिरंजीव कोरून द्यायचा. तिसऱ्या मालतीताई. त्या बायकांचं गिऱ्हाईक सांभाळतात आणि वेळ पडली तर शेठनाही सांभाळतात.

गेली दोन वर्षं शेठ रोज सकाळी अगरबत्ती लावून झाली की एकच वाक्य म्हणायचे, "आता बस्स. जागा भाड्याने देतो आणि घरी बसतो." आम्ही दोघं मान डोलवायचो. मनात मात्र धस्स व्हायचं. मालतीताईंचं घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चालतं, आणि बावन्न वर्षांच्या, चमच्यावर नाव घालता येणाऱ्या माणसासाठी कुठली कंपनी गाडी पाठवणार आहे?

*

एका धनत्रयोदशीला एका पेपरचा वार्ताहर आला. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. त्याने दोन-चार फोटो काढले, शेठना शुभेच्छा दिल्या आणि दुसऱ्या दिवशी बातमी आली की पेणच्या बाजारात खरेदीचा उत्साह शिगेला पोचला आहे. फोटोत मधोमध मी, मान खाली घालून मशीन चालवतोय.

बातमी खोटी नव्हती. खरेदी झालीच होती, फक्त आमच्याकडे झाली नव्हती. गर्दीतल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या पिशवीत कुरियरने आलेला कुकर नाहीतर पनवेलच्या मॉलमधली कढई होती. आमच्याकडे त्या नाव घालून घ्यायला आल्या होत्या, तेही फुकट, कारण नाव घालून देणारं ॲप अजून कुणी काढलेलं नाही.

शेठनी ते कात्रण काउंटरच्या काचेखाली ठेवलं. म्हणाले, बँकवाला आला की दाखवायला बरं. आणि त्याच दिवशी भिंतीवर पाटी लावली: 'आमच्या भांड्यांवर नाव फुकट. बाहेरच्या भांड्याला अक्षरी पाच रुपये.'

*

पाटी लागली आणि लोकांची नावं आखूड झाली.

पूर्वी साध्या तांब्यावरसुद्धा बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, गाव, तारीख आणि वर 'सप्रेम भेट' असायचं. तांब्या वाचून माणसाचा पत्ता शोधता यायचा. आता जोहे गावची एक बाई आली. गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करते. हातात ऑनलाइन मागवलेली कढई. मी नाव लिहून घेतलं, सौ. सुनंदा रामचंद्र पाटील. हिशेब सांगितल्यावर तिने आधी पाटील काढायला लावलं, कारण गावात तसे पुष्कळ पाटील आहेत. मग रामचंद्र काढलं. मग म्हणाली, सौ. पण काढा.

मालतीताईंनी न राहवून विचारलं, "अगो, नवऱ्याला इचारलंस काय?"

"कढई माझ्या पैशांची हाय," ती म्हणाली. "त्याचं नाव पायजे तर पाच-पाच रुपये त्याने द्यावे."

उरलं सुनंदा. तीन अक्षरं, पंधरा रुपये. ती म्हणाली, दहा घ्या ना. मी गमतीत म्हटलं की मग नुसतं नंदा घालतो. बाई खरोखर विचारात पडल्या.

*

आमच्या मालावर नाव फुकट, हेही लोकांनी नीट वाचलं होतं.

नागोठण्याचं एक महिला मंडळ संक्रांतीचं वाण दरवर्षी आमच्याकडून घेतं. एके काळी स्टीलची वाटी न्यायचे. मग बशी झाली, मग चहाची गाळणी. यंदा चमच्यावर आले. चमचा म्हणजे जेवणाचा नव्हे, मसाल्याच्या डब्यात असतो तेवढा. दीडशे नग, आणि प्रत्येकावर मंडळाचं संपूर्ण नाव, खाली हळदीकुंकू समारंभ, खाली अध्यक्षांचं नाव!

दांड्यावर मंडळ मावेना. मी समारंभ मागच्या बाजूला नेला. तीन दिवस मी दुसरं काही केलं नाही, रात्री पोळीचा तुकडा मोडताना बोटं थरथरायची. अध्यक्षबाईंनी चष्मा लावून तपासणी केली आणि अक्षर बारीक आल्याची तक्रार केली. मालतीताईंनी त्यांना अगदी गोड आवाजात सुचवलं की पुढच्या वर्षी नुसती नावं वाटा, चमचा कशाला मध्ये.

*

एका कंपनीतले साहेब तर शिफ्ट संपवून थेट दुकानात यायचे. एका रविवारी त्यांनी पाच लिटरचा कुकर काढायला लावला आणि बायकोला व्हिडिओ कॉल केला. शेठनी स्वतः कुकर हातात धरून फिरवला. बूड दाखवलं, शिट्टी दाखवली, झाकण लावून-काढून दाखवलं. वहिनींनी पलीकडून आतली रिंग बघायला मागितली, तीही दाखवली. अर्धा तास गेला. मग फोनमधून आवाज आला की हो, हेच मॉडेल आहे, ऑर्डर केलं मी.

साहेब जरा ओशाळले. शेठनी कुकर खोक्यात ठेवला आणि त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास केला. "घ्या, दमला असाल खरेदी करून."

*

आता दुसऱ्यांचं एवढं सांगितलं, तर आपलंही सांगायला हवं. माझी बायको रोह्याला अंगणवाडीत आहे. दिवसा घर बंद, म्हणून ती पार्सलला माझ्या दुकानाचा पत्ता देते. कपडे, चपला, काय काय यायचं, कुणी काही म्हणत नसे. एकदा मी जेवायला गेलेलो असताना पार्सल आलं आणि शेठनी घेतलं. खोक्यावर चित्र छापलेलं होतं. नॉनस्टिक तवा, कढई आणि झाकण.

मी आलो तेव्हा खोकं काउंटरवर, माझ्या मशीनशेजारी. मला भयंकर लाज वाटली. ज्या दुकानाच्या पगारावर घर चालतं, त्याच दुकानात आमच्या घरचा तवा कुरियरने यावा! शेठ पेपर वाचत होते. वर न बघता म्हणाले, "नाव घालणार असशील तर अक्षरी पाच. स्टाफला सवलत नाही."

*

मग फाल्गुनातल्या एका सकाळी शेठ अगरबत्ती लावून काहीच बोलले नाहीत. आम्ही समजलो. अकराच्या सुमाराला धरमतरकडचे एक गृहस्थ आले. बार्जवरचा माल उतरवण्याचं काँट्रॅक्ट होतं त्यांचं. हातात पैसा खेळत होता आणि आता पेणला मोबाईलचं शोरूम टाकायचं होतं. जागेच्या इसाराची रक्कम पाकिटात घालून आणली होती. शुभ कामाला वडीलधारं माणूस असावं म्हणून आईलाही बरोबर आणलं होतं.

गृहस्थ टेप घेऊन भिंती मोजायला लागले. ही रॅक काढायची, तो माळा पाडायचा, इथून तिथपर्यंत काच. मी उगाच मशीन पुसत बसलो. मालतीताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या होत्या.

आईंना स्टुलावर बसवलं होतं. थोडा वेळ त्या बसल्या, मग शेजारच्या टोपाला त्यांनी टिचकी मारली, कान देऊन ऐकलं आणि तोंड वाकडं केलं.

शेठ तेव्हा भाड्याचा आकडा सांगत होते. ते वाक्य तसंच सोडून ते वळले. "आई, तो नका बघू, तो हलका आहे. मालती, वरचा जाड बुडाचा काढ."

जाड बुडाचा टोप आला. त्याला आणखी एक टिचकी बसली आणि आईंचा चेहरा खुलला. बोलता बोलता नातीचं लग्न वैशाखात असल्याचं निघालं. लग्न म्हटल्यावर हंडा आला, कळशी आली, परात आली, पिठाचे डबे आले. जो माळा पाडायचा होता, त्यावर मी चार वेळा चढलो. मुलगा टेप हातात धरून नुसता उभा. हेच सगळं ऑनलाइन निम्म्यात मिळतं, असं त्याने एकदा सांगून पाहिलं.

"त्या मोबाईलला टिचकी मारून कलतं काय रं?" आईंनी विचारलं.

शोरूमचे भावी मालक टेप गुंडाळायला लागले. शेठनी त्या दिवशी जेवणाचा डबासुद्धा उघडला नाही. दोन वाजता आईंनी मुलापुढे हात पसरला. त्याने एकदा आमच्याकडे, एकदा शेठकडे बघितलं आणि खिशातून इसाराचं पाकीट काढलं. शेठनी रीतसर बिल फाडलं. पाच वाजेपर्यंत मी नावं घालत होतो. टेम्पोत भांडी त्या गृहस्थांनी स्वतःच्या हातांनी चढवली.

निघताना ते शेठना म्हणाले की जागेचं आता लग्न झाल्यावर बघू, तेव्हा परत येतो.

शेठनी हात जोडले. "या की, कधीही या. फक्त येताना आईंना घेऊन या."