कॅच आणि चुन्याची रेघ

शब्दांची मुळं उकरायची खोड मला शिकवता शिकवता लागली. खालापूरच्या एका शाळेत मी इंग्रजी शिकवते, आणि पोरं नेमकी त्याच शब्दांवर अडतात जे त्यांच्या तोंडात दिवसभर असतात. ‘कॅच’ हा त्यातलाच. मैदानावर हा शब्द घसा फोडून ओरडणारी मुलं धड्यात तो आला की माझ्या तोंडाकडे बघत बसतात, कारण तिथे कुणाला सर्दी ‘कॅच’ झालेली असते, नाहीतर दाराच्या खिटीला ‘कॅच’ म्हटलेलं असतं. आमच्या भागात तर कुणी स्वस्तात प्लॉट देऊ लागला की शेतावरची माणसंही डोळे बारीक करून विचारतात, “यात कॅच काय हाय?”

एकदा कंटाळून जाडा कोश काढला. हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचमध्ये आणि तिथून इंग्रजीत आला. गंमत म्हणजे सुरुवातीला त्याचा अर्थ पकडणं नव्हताच. शिकारीच्या मागे धावणं, पाठलाग करणं, एवढाच होता. ‘चेस’ हा त्याचा सख्खा भाऊ. दोघं फ्रान्सच्या दोन भागांतून इंग्रजीत शिरले. एक अजून धावतोच आहे, दुसऱ्याच्या हाती काहीतरी लागलं.

मोठ्या फुशारकीने मी हे दहिवलीला घरी येऊन बाबांना सांगितलं. बाबा घाटातले मालगाडीचे ड्रायव्हर, आता निवृत्त. माझ्या ज्ञानाने ते कधीच भारावत नाहीत.

“आमचा कॅच तसला नाय,” ते म्हणाले. “तो कुनाच्या मागं धावत नाय. जागच्या जागी बसून ऱ्हातो.”

ते कॅच साइडिंगबद्दल बोलत होते. लोणावळ्याहून घाट उतरणाऱ्या गाडीचा ब्रेक लागला नाही, तर ती सुसाट खाली येणार. तिला झेलायला ठाकुरवाडीसारख्या ठिकाणी मुख्य रुळांपासून एक फाटा काढलेला असतो. तो डोंगराच्या अंगाला चढत जातो आणि तिथेच संपतो. सुटलेली गाडी त्यावर चढते, दमते आणि उभी राहते. बाबांच्या वेळी रूळ कायम त्या फाट्याकडेच जोडलेले असत. प्रत्येक गाडीने आधी थांबून दाखवायचं, मग केबिनवाला रूळ बदलून तिला वाट देणार. ड्रायव्हर कितीही जुना असो, या नियमात सूट नाही. बाबांनी सगळी नोकरी अशी थांबून दाखवत काढली आणि त्याचा त्यांना कधी अपमान वाटला नाही.

हे सगळं मला लहानपणापासून पाठ होतं. तरीही गेल्या दिवाळीनंतर बाबांच्या स्कूटरचा प्रश्न आला तेव्हा मला ते सुचलं नाही. सुचलं ते बाबांनाच.

दर रविवारी बाबा आईला मागे बसवून खालापूरला मावशीकडे नेत. आईच्या आठवड्यात तेवढाच एक सण. एका रविवारी ती लंगडत घरात आली. विचारलं तर म्हणाली, मोरीत पाय घसरला. दोन दिवसांनी शेजारच्या काकूंकडून कळलं, की नाक्यावर उभ्या असलेल्या टेंपोवर स्कूटर आदळली होती. वेग कमी होता म्हणून गुडघ्यावर निभावलं.

माझं डोकं फिरलं. मी बाबांना नको नको ते बोलले. तुमची नजर गेली, हात कापतो, आईला घालवून बसाल एखाद्या दिवशी, सगळं. आई मध्ये पडली तर तिलाही झापलं. चहाचा कप खाली ठेवून बाबांनी एवढंच म्हटलं, “तू सांगून मी नाय थांबायचा, बाय. गाडीला सांगू दे.”

दहिवलीच्या बाहेर प्लॉटिंग पडलंय. सिमेंटचे रस्ते झालेत, घर अजून एकही नाही. तिथल्या उतारावर बाबांनी मला चुन्याची आडवी रेघ मारायला लावली. वरच्या खांबापाशी ब्रेक मारायचा आणि रेघेच्या आत थांबायचं. थांबले तर चावी त्यांची, नाहीतर माझी. आदल्या दिवशी गॅरेजात नेऊन त्यांनी ब्रेक घट्ट करून आणले होते. मागाहून निमित्त नको म्हणून.

स्कूटर चालू झाली आणि आई पदर खोचून मागे बसायला लागली.

“तू कुठे चाललीस?” मी ओरडले.

“रिकामी गाडी थांबवून काय कळायचं गं?” आई म्हणाली. “त्यांना रविवारी मलाच न्यायचं असतंय ना?”

बाबांनी मान हलवली. त्यांना पटलंच ते. या दोघांपुढे कपाळ बडवून घेण्यात अर्थ नव्हता. ती दोघं वर गेली आणि मी रेघेच्या थोडं खाली, रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. उताराच्या शेवटाला मोठा रस्ता होता. नाहीच थांबले तर आपण धरू, असं मी ठरवलं होतं. चालती स्कूटर, वर दोन माणसं, आणि धरणार कोण, तर मी. पण तेव्हा ते खुळेपणाचं वाटलं नाही.

स्कूटर आली. खांबापाशी बाबांच्या हाताला उशीर झाला. किंचितच, पण मला दिसला. ती माझ्यापासून हातभर अलीकडे थांबली. रेघ दोन्ही चाकांच्या मागे गेली होती.

“थांबली का वो?” आईने बाबांच्या पाठीआडून विचारलं.

“थांबली,” मीच म्हणाले. “जवळजवळ रेघेवरच थांबली, बाबा. एवढं चालतं.” आठवडाभर ज्यांच्यावर तोंड टाकलं त्यांच्यासाठी मी खोटं बोलत होते. मला ते हरायला नको होते.

बाबांनी मागे वळून रेघ पाहिली. “घाटात एवढं चालत नाय,” ते म्हणाले. आधी आईला हात धरून उतरवलं, मग चावी काढून माझ्या हातात दिली. परतताना ते पुढे चालत होते. मी स्कूटर ढकलत मागून येत होते आणि मला रडू आवरत नव्हतं.

पुढच्या रविवारी आईला मावशीकडे न्यायला मी निघाले. चावी माझ्याच पर्समध्ये होती. आई मागे बसली, मी स्कूटर चालू करणार तेवढ्यात समोर लक्ष गेलं. आमच्या गल्लीच्या उतारावर चुन्याची ताजी रेघ होती. तिच्या थोडं खाली, रस्त्याच्या मधोमध बाबा उभे होते. रेल्वेच्या जुन्या सिग्नलसारखा उजवा हात आडवा धरलेला; तो खाली पडेपर्यंत गाडीने पुढे जायचं नाही.

“बाबा, मी रोज शाळेत स्कूटरनेच जाते!”

“जा की. आज मागं कोन बसलंय?”

मला चिडायचं होतं, पण जमलं नाही. निघाले. ब्रेक मी रेघेच्या बऱ्याच आधी दाबला. गाडी रेघेच्या आत उभी राहिली. बाबा पुढे आले, वाकून चाकापाशी पाहिलं, तोल जाऊ नये म्हणून डावा हात आईच्या दुखऱ्या गुडघ्यावर ठेवला. तो जरा वेळ तिथेच राहिला.

मग ते कडेला सरले आणि त्यांनी आडवा हात खाली केला.