उत्तर येईपर्यंत

आमच्या ख्रिस्ती मंडळीत लग्नाआधी तीन रविवार नवरा-नवरीची नावं वाचून दाखवतात. उपासना संपत आली की पाळकसाहेब चष्मा सारखा करतात, नावं घेतात आणि कुणाची हरकत असेल तर कळवा म्हणतात. पारनेरजवळच्या आमच्या छोट्या देवळात मी कितीजणींची नावं ऐकली असतील! ज्यांच्या वेण्या मी घातल्या, त्या पोरींचीसुद्धा ऐकली. माझं नाव तेवढं राहिलं.

आई गेल्यावर घरात बाबा आणि मी. भाऊ पुण्याला कंपनीत लागला आणि तिथलाच झाला. बाबा मंडळीतले वडीलधारे, त्यांच्या शब्दाला मान. कुणाच्या घरी आजारपण असो, पोराला काम नसो, हे जाऊन बसणार आणि सांगणार, "आज्ञा पाळायची आन् थांबायचं. त्यो पुरवतो." लोकांना धीर यायचा. मलाही यायचा, खोटं कशाला बोलू?

मी पंचविशीची असताना जामखेडच्या एका एसटी कंडक्टरचं स्थळ आलं. मावशीला घेऊन तो बघायला आला. जेवताना तिसरी भाकरी मागून घेतली, वर म्हणतो कसा, "असली भाकरी डेपोच्या कॅन्टीनला मिळाली, तर ड्युटी संपली तरी मी घरी जायचो न्हाई." मी चुलीपाशी तोंडात ओढणी कोंबून हसले. आवडला मला. सरळच सांगते, फार आवडला.

बाबा त्याच्या मावशीला म्हणाले, "प्रार्थनेत ठेवतो. उत्तर आलं की कळवतो."

मी वाट बघायला लागले. मावशीचा निरोप आला. बाबा म्हणाले, अजून उत्तर नाही. ज्वारीची काढणी झाली, नाताळ झाला, पुन्हा निरोप आला. तरी नाही. शेजारची काकू वैतागून म्हणाली, "अगं बये, तोंड उघड की! बापाला इचार, कवा येनार हाय उत्तर?" मी तिच्यावरच खेकसले, "देवाच्या पुढं पळायचं का मग?" केवढा तोरा होता मला माझ्या धीराचा!

मग एका रविवारी पाळकसाहेबांनी त्याचं नाव वाचलं. पोरगी आमच्याच मंडळीतली, गायनात माझ्या शेजारी उभी राहणारी. कुणाची हरकत असेल तर, असं ते म्हणत होते आणि मी गीतांच्या पुस्तकात डोकं घालून बसले होते. पलीकडे पुरुषांच्या बाजूला बाबांनी मान वर केली नाही. घरी जाताना म्हणाले, "देवाची इच्छा न्हवती, बाई." मी "व्हय" म्हणाले आणि घरी जाऊन पीठ मळायला बसले.

नंतर आणखी काही स्थळं आली. तीही प्रार्थनेत ठेवली गेली आणि तिथंच राहिली.

गेल्या हिवाळ्यात बाबांनी अंथरूण धरलं. एके दुपारी मी त्यांना पेज भरवत होते. त्यांनी माझा हात बाजूला सारला.

"त्यो जामखेडचा पोरगा. मी इचारलंच न्हवतं गं."

"कुणाला?"

"देवाला. व्हय म्हनला असता तर? तू गेल्यावर माझं कोन बघनार, हेच डोक्यात. साऱ्यांना सांगत फिरलो, त्यो पुरवतो म्हनून. माझी येळ आली तवा मला काय भरवसा वाटला न्हाई."

वाटी तिथंच आपटून मी अंगणात गेले. असा संताप आला की काय सांगू! इतकी वर्षं पोटात ठेवलं, तर आता कशाला ओकलात म्हणावं? सोबत घेऊन जायचं होतं. ओक्साबोक्शी रडले. मग आत जाऊन सांडलेली पेज पुसली, कारण ते उपाशी होते.

बाबा आता नाहीत. त्यांच्यावरचा राग हळूहळू निवला, पण दुसरंच एक मनात आलंय आणि ते काही केल्या जात नाही. बाबा घाबरले, म्हणून त्यांनी विचारलं नाही. मी तर सकाळ-संध्याकाळ गुडघे टेकत होते. भावासाठी मागायचे, पावसासाठी मागायचे, काकूच्या आजारी म्हशीसाठीसुद्धा मागितलं. त्या कंडक्टरबद्दल मात्र बाबांना उत्तर येईल म्हणून थांबले, आणि देवाला मी स्वतः एकदाही विचारलं नाही.