घरचंच रक्त

एके दिवशी गावी, टाकव्यात, बहिणीने चूळ भरली. चुळीत रक्त होते. संध्याकाळपर्यंत ते थांबले नाही.

पुण्याच्या इस्पितळात कळले की तिच्या हाडांतला मगज रक्त तयार करीनासा झाला आहे. बाहेरून रक्त चढवत राहायचे, एवढाच उपाय तेव्हा तिथे होता. मी देहूरोडच्या लष्करी डेपोत कारकून होतो. माझ्याबरोबरचे पाच-सहाजण रक्त द्यायला आले. त्यात माझा एक मुसलमान मित्र होता. चुलत्यांनी इस्पितळाच्या दारातच एकेकाला गाव आणि आडनाव विचारले.

"आबा, सोयरीक न्हाई जुळवायची, बाटली भरायचीय," मित्र म्हणाला.

चुलते हसले. सगळ्यांना चहा पाजला आणि परत पाठवले.

"आपल्या पोरीच्या अंगात कुना परक्याचं रगत न्हाई जायाचं. घरात पोरं काय कमी हायती?"

वडील नव्हते. घरात चुलत्यांचा शब्द शेवटचा. मी आणि दोन चुलतभाऊ आळीपाळीने रक्त देत राहिलो.

काही महिन्यांनी परदेशात शिकून आलेले एक डॉक्टर तिथे रुजू झाले. तिकडे सख्ख्या भावंडाचा मगज काढून अशा रोग्याला देतात, काहीजण बरे होतात, असे त्यांनी सांगितले. त्यांचे जुने वरिष्ठ तिला तिकडे दाखल करून घ्यायला तयार होते. मुंबईला तपासणी झाली. माझा मगज जुळत होता. आई त्या दिवशी पोटभर जेवली.

मग डॉक्टरांनी विचारले, "आजवर रक्त कुणाचं दिलंत?"

"घरचंच. माझं, चुलतभावांचं."

डॉक्टर म्हणाले, "ज्याचा मगज द्यायचा त्याचंच रक्त आधी चढवलं की शरीर त्याच्याविरुद्ध तयार होतं. मग मगज रुजत नाही. परक्यांचं घ्यायला हवं होतं."

तिकडून नकार आला. मी चुलत्यांना सगळे समजावून सांगितले.

"डाक्टरला काय कळतंय? आपलं रगत वाईट व्हय?"

पावसाळ्याआधी ती गेली. दहाव्याला घाटावर चुलते भावकीला अभिमानाने सांगत होते, "शेवटपत्तुर पोरीच्या अंगात आपलंच रगत व्हतं." माणसे माना डोलावत होती. मी पिंड तसाच सोडून उठलो आणि एसटी धरली.

आज चुलते नाहीत, आईही नाही. मी लोणावळ्याला राहतो. भावकीत जात नाही. राग आहे.