हातमास्तर

आमचे हातमास्तर माणसाच्या तोंडाकडे आधी बघतच नसत. नवा पोरगा शाळेत आला की त्याचे हात उलटेपालटे करून बघायचे आणि विचारायचे, "बोल, तुला हात किती?" पोरगं बिचारं गोंधळून "दोन" म्हणायचं. "मग तू प्राणवायू. बस खाली." कुणी लाजून एक हात पाठीमागे लपवला की तो उज्ज, म्हणजे हल्लीच्या भाषेत हायड्रोजन. अख्ख्या जव्हार संस्थानात रसायनशास्त्र शिकवणारे आपण एकटेच, असं ते स्वतःच सांगत. मी त्याच शाळेत खालच्या वर्गांना बाराखडी शिकवायचो, आणि मलासुद्धा त्यांचं खरं नाव आठवायला आता वेळ लागतो.

प्रयोगाचं सामान म्हणाल तर एक स्पिरिटचा दिवा आणि दोन तडकलेल्या काचेच्या नळ्या. म्हणून मास्तर पोरांचेच परमाणू करत. दोन बाजूंना एकेका हाताचे दोन उज्ज, मध्ये दोन हातांचा प्राणवायू. तिघांनी हात धरले की झालं पाणी. "परमाणूला मोकळा हात सोसत नाही," ते म्हणायचे. "कुणीतरी धरेपर्यंत तो वणवण करतो." पाणी झालेल्या तिघांना ते तसंच अंगणभर चालवत, आणि कुणाचा हात सुटला की "अरे, पाणी मोडलं!" म्हणून ओरडत.

वर्गाच्या भिंतीवर त्यांनी काव आणि चुन्यानं मूलद्रव्यांचा तक्ता काढला होता. एका उभ्या रांगेत एका स्वभावाची मंडळी. काही घरं रिकामी ठेवलेली, कारण "हे पाहुणे अजून यायचेत". शेवटच्या रांगेतल्या आर्गॉनवर बोट ठेवून ते आवाज खाली आणत, "हे आपल्या संस्थानचे कारभारीसाहेब. यांना कुणाचाच हात लागत नाही." पोरं खिदळत. मला धडकी भरायची, कारण कारभाऱ्यांच्या कानावर काय जाईल याचा नेम नव्हता.

सोमा वर्गात बसत नसे, पडवीत बसे. साखरशेतजवळच्या त्याच्या वस्तीतल्या मुलांना उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही, अशी शिवाशिवीची रीत होती, आणि आम्ही शिकलेले लोक ती निमूट पाळत होतो. मास्तर मात्र मुद्दाम मोठ्यांदा शिकवत, पडवीत ऐकू जावं म्हणून. बहुतेक वेळा पहिलं उत्तर पडवीतूनच यायचं. "या पोराला मी ठाण्याला शिकायला धाडणार," मास्तर मला पुन्हा पुन्हा सांगत. "बघाच तुम्ही."

शाळा तपासायला साहेब आले ते नेमके आवणीच्या दिवसांत. निम्मी पोरं भात लावायला गेलेली. मास्तरांना तर दलदलीतला वायू, म्हणजे मिथेन, करून दाखवायचा होता. मध्ये चार हातांचा कर्ब, त्याला चार उज्ज. पोरं कमी पडली म्हणून कर्ब आम्ही दोघं झालो, मास्तर आणि मी, पाठीला पाठ लावून. उज्ज मिळाले तीनच. दोघांनी माझे हात धरले, एकानं मास्तरांचा डावा. तेवढ्यात सोमा उंबरा ओलांडून आत आला. एक हात पाठीमागे, दुसरा पुढे केलेला.

"मास्तर, चवथा उज्ज मी."

मला मास्तरांचं तोंड दिसत नव्हतं. त्यांची पाठ तेवढी कळत होती, आणि ती फळीसारखी ताठ झाली. साहेब खाकरले. मग मास्तर कसेबसे म्हणाले, "तू... तू तो खांब धर."

सोमानं खांबाकडे बघितलं. "मास्तर, खांब कोनता परमाणू?"

साहेब हसले, म्हणून पोरं हसली, म्हणून मीही हसलो. धडा संपेपर्यंत सोमा खांब धरून उभा होता. माझ्यासमोर तो हात आला असता तर मी काय केलं असतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून मास्तरांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

साहेब शाबासकी देऊन गेले. मास्तर ओट्यावर आपला उजवा तळवा बघत बसले. "साहेबाला भ्यालो म्हणावं, तर साहेब नसता तरी मी धरला असता का?" ते म्हणाले. "हेच मला सांगता येत नाही हो. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती." माझीही मान खालीच होती.

दुसऱ्या दिवसापासून सोमा आला नाही. मास्तरांनी आठवडाभर वाट पाहिली आणि मग मला घेऊन त्याच्या वस्तीवर गेले. सोमा बांधावर म्हैस चारत होता, त्याची आई शेजारच्या खाचरात भात लावत होती. आजूबाजूच्या शेतांतली माणसं कंबर सरळ करून बघू लागली. मास्तर वहाणांसकट चिखलात उतरले, त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि उजवा हात पुढे केला.

"सोमा, चुकलं माझं. शाळेत चल. आत बस, माझ्यासमोर. हा धर हात."

सोमा रागावलेला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं त्या हाताकडे नीट बघितलं, मग आपल्या मुठीतल्या म्हशीच्या दाव्याकडे.

"मास्तर, उज्जाला येकच हात. तो आता मोकला नाय."

"बरोबर," मास्तर म्हणाले, वर्गात म्हणत तसंच. पण पुढे केलेला हात त्यांना मागे घेता येईना. ते तसेच उभे राहिले. शेवटी सोमाची आई खाचरातून हलक्या आवाजात म्हणाली, "मास्तर, हात खाली घ्या. लोका बघतात ना."

तेव्हा कुठे त्यांनी हात खाली घेतला. दिवाळीच्या सुट्टीत मास्तर गावी गेले, ते जव्हारला परत आले नाहीत. सोमा पुढे शिकला नाही.