रंदा मशीनची चाकं

निवृत्तीच्या दिवशी विनता खेरांना कारखान्यातून शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घड्याळ त्यांनी सुनेच्या हाती दिलं, नारळ फोडून शेजारी वाटला आणि दुसऱ्या दिवसापासून त्या लाकूड तासून सपाट करणारी रंदा मशीन शोधायला लागल्या.

त्यांचे यजमान हेमचंद्र जबलपूरच्या याच संरक्षण कारखान्यात होते. ऐन चाळिशीत गेले. त्यांच्या जागी विनताबाईंना नोकरी मिळाली. वाटलं होतं, ऑफिसात फायली लावायचं काम असेल. पण टाकलं पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे सुतारखात्यात. लोखंडाचा कुठलाही भाग ओतायचा तर आधी तो लाकडात हुबेहूब घडवावा लागतो. तो लाकडी नमुना वाळूत दाबायचा, उमटलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. त्या नमुन्यालाच पॅटर्न म्हणतात. पहिले सहा महिने विनताबाईंनी नुसता भुसा झाडला. मग एका म्हाताऱ्या मिस्त्रीने हातात पटाशी दिली, आणि पुढची तेवीस वर्षं ती सुटली नाही. अर्ध्या मिलीमीटरची चूक त्यांना बोटाच्या पेराला कळायची.

रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतले छोटे फाउंड्रीवाले त्यांना ओळखत. "मॅडम, रिटायर हो जाओ तो हमारे पॅटर्न बना देना," असं कितीतरी वर्षं म्हणत आले होते. आता ती वेळ आली होती. पण हातरंद्याने सगवानाच्या फळ्या सपाट करत बसायचं वय राहिलं नव्हतं.

अडचण जागेची होती. आधारतालच्या घराला एकच पोर्च, आणि त्यात मुलाची, सुशांतची गाडी.

"आई, लोक रिटायर होऊन आराम करतात. तू काहून कारखाना काढून राहिली?" सुशांतने विचारलं.

"आराम करून करू काय? भिंती पाहू?"

तो हसला, पण लगेच गंभीर झाला. "चलो, ठीक है. दिवसभर पोर्च तुझा. पण संध्याकाळी सातला माझी गाडी आत पाहिजे. रस्त्यावर नाही ठेवणार मी."

म्हणजे मशीन हलती हवी. खाली लोखंडी चौकट, चौकटीला चाकं. काम झालं की ढकलून भिंतीशी लावायची. विनताबाईंनी कागदावर पोर्चची मापं घेतली, खडूने फरशीवर मशीनच्या जागा आखल्या. फरशीला फाटकाकडे उतार होता, पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून. तो त्यांनी रोज पाहिला होता. कागदावर मात्र तो उतरला नाही.

नवी मशीन आवाक्याबाहेर होती. मार्च महिन्यात कळलं की रिछाईत दारं-खिडक्यांच्या चौकटी करणारं एक युनिट बंद होतंय, मशीनी विकायला निघाल्यात. विनताबाई स्कूटरवर बसून एकट्याच गेल्या.

शेडमध्ये मालक अनुपमजी खुर्ची टाकून बसले होते. शेजारी सिहोऱ्याहून आलेलं एक गिऱ्हाईक उभं होतं, रामसेवक विश्वकर्मा नावाचा पन्नाशीचा सुतार. त्याने सोबत छोटा ट्रकच आणला होता. मशीन एकच, बारा इंची, जुन्या घडणीची, जाड बिडाची. टेबलावर त्यांनी पोलादी पट्टी आडवी धरली, तिरकी धरली. खालून उजेडाची रेघसुद्धा दिसेना. अशी सपाट मशीन पुन्हा मिळणार नाही, हे त्यांना तिथेच कळलं.

"पहले ये आए हैं," अनुपमजी रामसेवककडे बोट दाखवून म्हणाले. "इनको जमा तो इनकी. नहीं तो आप ले जाइए."

"मुझे जम गई," रामसेवक म्हणाला. "एक बार चला के दिखा दो, फिर लाद देते हैं."

अनुपमजी उठले आणि स्टार्टरकडे निघाले. विनताबाई मशीनजवळच उभ्या होत्या. मधल्या गोल ब्लॉकमध्ये तीन पाती बसवलेली होती, एकेक पातं चार-चार बोल्टांनी आवळलेलं. त्यातल्या एका बोल्टाचं डोकं इतर सगळ्यांपेक्षा चकचकीत होतं, आणि त्याच्या मुळाशी राखाडी रंगाचं काहीतरी थापलेलं दिसलं. विनताबाईंनी नखाने खरवडलं. लांबी होती. लोखंडाच्या भेगा बुजवायला वापरतात तसली.

बोल्टाच्या भोकातले आटे गेले असतील, तर तो बोल्ट नुसता लांबीवर चिकटलेला होता. मिनिटाला चार हजार फेरे घेणाऱ्या ब्लॉकमधून पातं सुटलं, तर ते समोर उभ्या माणसाच्या पोटात जातं. कारखान्यात त्यांनी सुटलेलं पातं दाराच्या फळीत रुतलेलं पाहिलं होतं. त्या दिवशी दारात कोणी नव्हतं, एवढंच नशीब.

आणि आत्ता रामसेवक बरोबर समोर वाकून उभा होता.

एक क्षण, फक्त एक क्षण, त्यांच्या मनात आलं की आपण गप्प राहिलो तर? मशीन दुसऱ्याची, व्यवहार दुसऱ्याचा. बाजूला सरकावं आणि स्कूटर काढावी. पण पाय आपोआप चालले. त्या जाऊन स्टार्टरच्या पुढ्यात उभ्या राहिल्या.

"मत चलाइए."

"क्यों?" अनुपमजींचा हात हवेतच राहिला.

"ब्लॉक का बोल्ट देखिए. आटे गेलेत... चूड़ी चली गई है. पाता उड़ेगा."

"मैडम, आठ साल चली है ये मशीन. आपको नहीं मिली, तो मेरा सौदा मत बिगाड़िए. हटिए."

"नहीं हटूँगी."

अनुपमजींचा चेहरा लाल झाला होता. रामसेवक एकदा त्यांच्याकडे बघे, एकदा या साडीतल्या बाईकडे. त्यालाही वाटलं असणार की ही बाई मशीन हडपायला नाटक करतेय. तो चिडूनच म्हणाला, "दीदी, आप होती कौन हैं?"

"चोवीस साल पॅटर्न शॉप में थी. पाना दीजिए, मैं दिखाती हूँ. गलत निकली तो माफी माँग के चली जाऊँगी."

त्याने आपल्या पिशवीतून पाना काढून दिला. विनताबाईंनी आधी मेन बंद केला, पट्टा उतरवला, मगच ब्लॉकला हात लावला. पहिला बोल्ट घट्ट होता. दुसरा घट्ट. तिसऱ्याला पाना लावला, जरा जोर दिला, तशी लांबी कटकन तुटली आणि बोल्ट गोलगोल फिरायला लागला. त्यांनी तो दोन बोटांनी उचलून रामसेवकच्या तळहातावर ठेवला.

रामसेवकने तो बोल्ट बोटांत फिरवून पाहिला. मग तो दोन पावलं मागे सरकला, जिथे मघाशी वाकून उभा होता ती जागा सोडून.

अनुपमजी खुर्चीत बसले. "मुझे नहीं मालूम था," ते म्हणाले, आणि ते खरं असावं. त्यांच्या जुन्या कारागिराने कधीतरी वेळ मारून नेली होती. "अब इसको कबाड़ में ही देना पड़ेगा."

"कबाड़ में मत दीजिए," विनताबाई म्हणाल्या. "बॉडी सोना है. ब्लॉक नया लगेगा."

रामसेवकने मशीनवरचा हक्क सोडला. त्याने दुसरी, लाकूड कापायची मशीन घेतली, आणि तीही विनताबाईंना तपासायला लावूनच. रंदा मशीन विनताबाईंना आधी मागितलेल्या किमतीच्या निम्म्यात मिळाली. नवा ब्लॉक, घरच्या विजेवर चालेल अशी मोटर, पात्यावरचं झाकण, यांत हाताशी होतं नव्हतं ते गेलं.

आणि तिथेच त्यांची नजर चुकली. एवढी कडक बाई, बोल्टाबोल्टाला हात लावून पाहणारी, पण चाकांच्या चौकटीपाशी येईतो हात आखडता झाला. रांझीच्या वेल्डरने विचारलं, "अम्मा, भारी वाले पहिए डालूँ या ये वाले?" त्यांनी हलकी दाखवली. ब्रेक आहेत ना चारही चाकांना, मग झालं.

मशीन चालवायच्या पहिल्या दिवशी सून रुचिरा चहा घेऊन पोर्चमध्ये आली. तिला मशीनचा धसका होता; ती दारातच थांबली. विनताबाईंनी तिला मेन स्विच दाखवून ठेवला होता. "मी ओरडले तर बाकी काही बघायचं नाही. हा खाली ओढायचा."

मशीन सुरू झाली. गुरगुर वाढत वाढत एकसारखी शिट्टी झाली. विनताबाईंनी फळी टेबलावर ठेवली आणि पुढे सरकवली. तांबूस ढलप्या उडायला लागल्या. अर्धी फळी पात्यांवरून गेली असेल, तेव्हा त्यांना वाटलं फळी भलतीच हलकी जातेय. मग लक्षात आलं. फळी जात नव्हती. मशीन जात होती.

चाकांचे ब्रेक लागलेले होते, पण थरथरीने चाकं आपल्या उभ्या खिळ्यांवर डावी-उजवी वळत होती आणि अडीचशे किलोचं बीड उताराने फाटकाकडे सरकत होतं. फळी सोडावी तर ती पात्यांनी मागे फेकली असती, सरळ छातीवर. धरून ठेवावी तर मशीनबरोबर चालायला हवं. विनताबाई चालल्या. एक पाऊल, दुसरं पाऊल. मोटरची वायर मागे ताणत गेली. समोर फाटक, फाटकापलीकडे रस्ता, रस्त्यावर शाळेतून सुटलेली पोरं.

"रुचिरा! मेन!"

कप फुटल्याचा आवाज आला. मग स्विचचा खटका. शिट्टी हळूहळू उतरली, पण मशीन थांबेना. रुचिरा धावत आली आणि भिंतीशी ठेवलेला सगवानाचा ठोकळा तिने पुढच्या चाकाखाली लाथेनेच सरकवला. मशीन कचकन अडली, एकदा डुलली, आणि उभी राहिली. फाटक चार बोटांवर होतं.

दोघी फरशीवरच बसल्या. रुचिराच्या पायाच्या अंगठ्यातून रक्त येत होतं. विनताबाईंनी पदर फाडून तो बांधला.

संध्याकाळी सुशांतला सगळं कळलं. तो म्हणाला, "उद्या ही मशीन विकायची. बस."

विनताबाईंनी मान खाली घातली. चूक त्यांची होती. इतरांचा बोल्ट पकडला आणि स्वतःची चाकं सोडली.

बोलली ती रुचिरा. "मशीनचं काय चुकलं? चाकं चुकली. चाकं बदला."

"तुझा अंगठा पाह्य."

"पाहून राहिले ना. म्हणूनच सांगते."

दुसऱ्या दिवशी दोघी मिळून रांझीला गेल्या. चौकट नव्याने झाली. पुढे दोन सरळ जाड चाकं, मागे दोन वळणारी, आणि चार कोपऱ्यांना जाड आट्यांचे पाय. काम करताना ते पाय पान्याने खाली उतरवायचे, म्हणजे चाकं अधांतरी होतात आणि सगळं वजन पायांवर येतं. उताराच्या बाजूचे पाय जास्त उतरवायचे, पाणसळ ठेवून बुडबुडा मधोमध येईस्तोवर. ते काम रुचिराने मागून घेतलं. विनताबाई मशीनवर कप भरून पाणी ठेवत, मोटर चालू करत, आणि पाण्यावर फक्त बारीक तरंग उठतात हे पाहूनच फळी हातात घेत.

महिनाभराने पहिला पॅटर्न झाला, पंपाच्या झाकणाचा. तो रिछाईच्या फाउंड्रीत पोहोचवला, तेव्हा मालक म्हणाला, "कल ढलाई है, आ जाइए." विनताबाई रुचिराला घेऊन गेल्या. ओतलेलं लोखंड गोठेपर्यंत दोघी बाकावर ताटकळत बसल्या. एकीनेही चहाला हात लावला नाही. मजुराने साच्याची पेटी उलटी केली, काळी वाळू हातोडीने फोडली, आणि चिमट्यात धरून झाकण बाहेर काढलं. अजून गरम होतं, धूर निघत होता.

ते गार झाल्यावर मालकाने कॅलिपर लावून एक माप घेतलं, दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. मग त्याने टेबलाच्या खणातून दुसऱ्या झाकणाचा नकाशा काढला आणि विनताबाईंच्या पुढ्यात पसरला. रुचिराही वाकून पाहू लागली.

"ये वाला थोड़ा टेढ़ा है, मैडम," तो म्हणाला.

"कुठे, दाखवा," विनताबाई मराठीतच बोलून गेल्या, आणि त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला.