पंच्याहत्तरला सुटणारी थरथर

आळंदहून गुलबर्ग्याला जाणाऱ्या रस्त्यावर, कडगंचीच्या अलीकडे, पत्र्याच्या शेडमध्ये बसवप्रभु चाकं बसवतो. तीस वर्षं बसवतो आहे. गाडी थांबली की तो माणसाकडे बघत नाही, टायरकडे बघतो, आणि तेवढ्यावर माणसाची किंमत करून मोकळा होतो. मधोमध झिजलेला टायर म्हणजे हवा ठासून भरणारा, भित्रा मालक. दोन्ही कडांनी झिजलेला म्हणजे हवा बघायचाही कंटाळा करणारा. एका बाजूनं खाल्लेला म्हणजे गाडी दगडाधोंड्यांवर घालून वर मान करून फिरणारा. चारही सारखे झिजलेले टायर त्याला फार थोडे दिसले, आणि त्या मालकांना तो चिक्कू समजतो.

त्याच्या वडिलांचं आळंदला किराणा दुकान होतं. पावशेर गुळासाठी अर्धा तास बोलणारी गिऱ्हाइकं बघून सतराव्या वर्षी त्याला शिसारी आली आणि तो सोलापूरला, झिजलेल्या टायरांवर नवं रबर चढवणाऱ्या रिमोल्डच्या कारखान्यात गेला. तिथला उस्ताद ठार बहिरा होता. चाकाचा दोष तो तळहातानं ओळखायचा. आयुष्यात बसवप्रभुनं मनापासून मान दिला तो त्या एकाला. कदाचित त्या माणसाशी बोलावं लागत नव्हतं म्हणूनच. परत आला तो हातात कसब घेऊन आणि तोंडात कडवटपणा घेऊन. बायको निलम्मा म्हणते, ह्या माणसाला देव भेटला तर आधी त्याच्या रथाची चाकं बघंल.

देवाचं नाव निघालं की त्याचा कडवटपणा विशेष धार धरतो. नवी चाकं घालायला येणारा माणूस पिशवीतून टायरच्या आधी लिंबं काढतो, मग नारळ, हळद-कुंकू, उदबत्ती. बसवप्रभु त्यांना अडवत नाही. अडवण्याइतकीसुद्धा त्यांची लायकी त्याला वाटत नाही. तो पाना खाली ठेवतो, रस्त्याच्या कडेला जातो आणि शेडकडे पाठ करून तुरीच्या रानाकडे बघत उभा राहतो. पूजा आटोपली की कुणीतरी हाक मारतं, मग येऊन तो चाक चढवून नट आवळतो. हे त्या रस्त्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. 'अण्णानं पाठ फिरवली, उरका लवकर,' असं लोक हसत म्हणतात. ते हसतात हे त्याला कळतं. त्या पाठीचा त्याला अभिमान आहे.

एका शनिवारी दुपारी इरप्पाची पिकअप परत आली. नऊ दिवसांपूर्वीच बसवप्रभुनं तिला चार नव्या डिस्क, म्हणजे टायरच्या आतल्या लोखंडी थाळ्या, आणि चार नवे टायर बसवले होते. इरप्पाचे आजोबा मेंढरं वळायचे. त्याच्याकडे आता तीन एकर कोरडवाहू आणि ही गाडी. आळंदजवळच्या पोल्ट्रीतून तो रोज पहाटे साठ ट्रे अंडी गुलबर्ग्याच्या शिवशंकर बेकरीवाल्याकडं पोचवायचा. त्या भाड्यावर घर चाललं होतं. शेजारच्या सीटवर त्याची आई पद्माबाई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. तिला पुढं डोळ्याच्या दवाखान्यात जायचं होतं.

"अण्णा, गाडी थरथर करायलीय," इरप्पा म्हणाला.

"गाडी न्हाई, तू थरथरत असशील."

"पंच्याहत्तरच्या पुढं काटा गेला की सुरू होतंय. साठला काय न्हाई. तीनदा अंडी तडकली. काल पन्नास गेली. शिवशंकर म्हणला, सोमवारी एक जरी तडकलेलं निघालं तर मंगळवारपासून दुसरी गाडी लावतो."

"मग साठनं चालव की."

"सहाच्या आत पोचावं लागतंय, अण्णा. त्यांची भट्टी कुणासाठी थांबत न्हाई."

"आणि तू कुणाला दाखवलास? खरं सांग."

इरप्पानं खाली बघितलं. गुलबर्ग्याला रिंगरोडच्या एका दुकानात त्यानं चारी चाकांचं कॉम्प्युटर बॅलन्सिंग करून घेतलं होतं. चारी चाकं बरोबर निघाली. थरथर तशीच राहिली.

"म्हणजे टीव्हीत आकडा बघून आलास," बसवप्रभु म्हणाला. "आकडा चांगला आला म्हणून अंडी ऐकतेत व्हय? सरक तिकडं. अक्का, तुम्ही खाली उतरून सावलीत बसा."

पद्माबाई उतरली नाही. "मी काय वजन करते का तुझ्या गाडीला," ती म्हणाली आणि मधे सरकली.

तिघं कडगंचीच्या बाजूला निघाले. चालवत इरप्पा होता. बसवप्रभुनं एक तळहात डॅशबोर्डवर आणि दुसरा सीटखाली ठेवला होता. पंच्याहत्तरला थरथर आली. मोठी नव्हती, थंडी भरलेल्या माणसाच्या अंगात येते तशी, आतून. स्टेअरिंग शांत होतं. सीट हलत होतं.

"पुढच्या चाकांचं असतं तर स्टेअरिंग नाचलं असतं," तो म्हणाला. "मागं हाय. आता न्यूट्रल कर. कर म्हणतो ना."

इरप्पानं गियर काढला. इंजिनचा आवाज खाली बसला, गाडी आपल्या वेगात चालत राहिली, आणि थरथर होती तशी राहिली. म्हणजे इंजिन नाही. चाक किंवा चाकाला धरणारं काहीतरी. बसवप्रभुनं मनातल्या मनात डिस्क विकणाऱ्याला, टायर बनवणाऱ्याला, रिंगरोडच्या पोरांना आणि इरप्पाला क्रमानं शिव्या घातल्या. स्वतःचं नाव त्या यादीत घालावं असं त्याला वाटलं नाही. त्याच्या हातून बसलेलं चाक कधी हललं नव्हतं, हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत आला होता.

शेडमध्ये येऊन त्यानं पिकअपचं मागचं जॅकवर घेतलं. रिमच्या कडेजवळ खडू स्थिर धरून डावं चाक हातानं फिरवलं. खडू कुठंच लागला नाही. उजवं फिरवलं. दर फेऱ्याला एकाच जागी खडूची पांढरी रेघ उमटली. चाक वाकडं फिरत होतं, जेमतेम दाण्याएवढं.

"डिस्क वाकडी निघाली," इरप्पा आशेनं म्हणाला.

"तुला कळतंय तर माझ्याकडं कशाला आणलास?"

त्यानं पाना लावला आणि थांबला. पहिला नट हातानंच अर्धा आटा फिरला. दुसराही. नऊ दिवसांपूर्वी त्यानं ते अंगाचा भार टाकून आवळले होते. रिंगरोडवाल्यांनी तर मशीननं आवळले असणार. ढिल्या नटांवर रोज पहाटे साठ ट्रे अंडी आणि एक माणूस पंच्याहत्तरच्या पुढं जात होते. त्यानं चाक काढलं, डाव्या बाजूला लावून बघितलं. तिथं ते सरळ फिरलं. डिस्क निर्दोष होती.

मग तो, चाक ज्यावर टेकतं त्या उजव्या ड्रमसमोर उकिडवा बसला. ड्रम काळा, वंगणानं माखलेला. त्यावरून त्यानं तळहात फिरवला. दोन बोल्टांच्या मुळाशी हाताला उंचवटा लागला. नखानं उकरलं तसा काळ्या लोकरीचा पिळदार दोरा वर आला. चाकाखाली दबून तो वादीसारखा चपटा झाला होता, आणि पिळात हळद भरलेली होती. चाक ड्रमवर टेकत नव्हतं, दोऱ्यावर टेकत होतं. लोकर दबत गेली तसे नट सैल पडत गेले.

इरप्पानं गाडीतल्या आईकडे बघितलं. "अव्वा," तो म्हणाला.

पद्माबाई गाडीतून उतरून जवळ आली. त्यांच्या घरी मेंढरं राहिली नव्हती, पण शेवटच्या कातरणीची लोकर तिनं डब्यात जपून ठेवली होती. पाळणा असो, पाण्याची मोटर असो, घरात नवीन काही आलं की ती मांडीवर त्या लोकरीचा दोरा वळायची आणि मैलाराची, म्हणजे खंडोबाची, हळद लावून बांधायची.

"बाहेरून बांधलेला कुणीबी तोडतंय," ती म्हणाली. "मागं धाब्यावर तोडला. म्हणून आतनं बांधला."

"आतनं." बसवप्रभुनं दोरा दोन बोटांत धरला. "अक्का, तुमच्या ह्या मेंढराच्या केसानं तुमचा पोरगा आज ना उद्या रस्त्यावर उलटला असता. लोखंडाला लोखंड टेकावं लागतंय. मधे तुमचा मैलार घातला की चाक निघून जातंय, आणि मग त्योच मैलार..."

"मी तुला विचारलं होतं," पद्माबाई म्हणाली.

"मला?"

"त्या दिवशी पूजेला तू तिकडं तोंड करून उभा होतास. मी म्हणलं, बाबा, हितं आतनं बांधू का, गाडीला काय होतंय का? तू हात वर केलास. म्हणलास, बांधा कुठं बांधायचंय तिथं." ती शांतपणे बोलत होती. "मला चाकातलं काय कळतंय? कळणाऱ्याला विचारलं. आणि तुझ्या गळ्यात लिंगाचा दोरा हायच की. मी कधी तुला पाठ दाखवली न्हाई."

बसवप्रभुला ते आठवलं. वाक्य नाही, पण हात वर केलेला आठवला. मागून येणाऱ्या आवाजाला माशी हाकलावी तसा केला होता. नंतर शेडमध्ये येऊन त्यानं ते चाक ड्रमकडे न बघता लावलं होतं, कारण ड्रमवर त्यांचं कुंकू असणार आणि ते त्याला बघायचं नव्हतं. रिंगरोडच्या पोरांनी दोरा नक्की बघितला असणार, आणि कुणाच्या देवाला हात कशाला लावा म्हणून तसाच ठेवला असणार. त्यांनी बघून सोडला होता. त्यानं बघितलाच नव्हता. ज्यांना तो टीव्हीवाली पोरं म्हणत आला होता, त्यांच्याही खालच्या पायरीवर तो उभा होता.

त्यानं ड्रम तारेच्या ब्रशनं घासून रॉकेलनं पुसला. चाक लावलं. नट समोरासमोरचे धरून तीन फेऱ्यांत आवळले. तिघं पुन्हा रस्त्याला लागले. पंच्याहत्तर, ऐंशी, पंच्याऐंशी. सीट मुकं राहिलं.

परत आल्यावर इरप्पा खाली उतरेना. "अण्णा, एक फोन करा शिवशंकरला. मी सांगितलं तर म्हणंल, सगळे ड्रायव्हर चाकावरच ढकलतेत. त्यानं मंगळवारची गाडी ठरवलीबी असंल."

शिवशंकर. चार माणसांत ज्याला बसवप्रभुनं सांगितलं होतं की बेकरीवाल्यानं पाव फुगतो का बघावं, चाकावर बोलू नये. त्यानं फोन हातात घेतला. 'डिस्क खराब होती' एवढं म्हटलं की भागत होतं. खोटं सोपं होतं आणि ते कुणी तपासणार नव्हतं.

"शिवशंकर, कडगंचीहून बसवप्रभु बोलायलोय. इरप्पाच्या गाडीची डिस्क..." पद्माबाई त्याच्याकडे बघत होती. त्या बघण्यात राग नव्हता, वाट बघणं होतं. त्याला ते रागापेक्षा असह्य झालं. "डिस्क चांगली होती. चाक मी नीट बसवलं न्हवतं. ड्रम न बघता बसवलं. अंडी माझ्यामुळं फुटली, त्याच्यामुळं न्हाई."

पलीकडून शिवशंकर म्हणाला, "थांब थांब, अण्णा. स्पीकरवर घेतो. हितं चौघं हायत. आता परत म्हण."

इरप्पाला ते ऐकू गेलं. त्यानं मान खाली घातली.

बसवप्रभु परत म्हणाला. एक शब्द कमी केला नाही. पलीकडे हसण्याचा आवाज झाला, भट्टीपुढच्या माणसांचा, मोकळा. कुणीतरी विचारलं, पाव कसा बसवायचा तेबी अण्णालाच विचारू का. तो ऐकत राहिला.

"लई दिवसांनी करमणूक झाली," शिवशंकर म्हणाला. "पाठव इरप्पाला सोमवारी. अंडी नीट आली तर त्योच राहील."

फोन बंद झाला. इरप्पानं पाया पडायला वाकायची तयारी केली.

"नाटकं करू नको," बसवप्रभु म्हणाला. "शंभर किलोमीटर झाले की नट परत आवळायला येतोस. न्हाई आलास तर फोन मी न्हाई करणार."

पद्माबाई सीटवर चढली. डोळ्याचा दवाखाना पाचला बंद व्हायचा होता. पिकअप गुलबर्ग्याच्या बाजूला लागली, आणि बसवप्रभु ती वळणाआड जाईपर्यंत तिच्या मागच्या उजव्या चाकाकडे बघत राहिला.