हायड्रोजनचे अणू मोजताना

बावीस वर्षं दुबईत राहून माझं सगळं इंग्रजी झालं, मोजणं तेवढं मराठीच राहिलं. रत्नागिरीला अब्बांनी पाढे असे घोटून घेतले होते की आजही जिन्याच्या पायऱ्या काय आणि सहलीच्या बसमधली मुलं काय, मी मराठीतच मोजते, तेही मोठ्यानं. अल कुसैसच्या शाळेत सातवीला विज्ञान शिकवताना या खोडीनं आजवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

मग आमच्या वर्गात बोललेलं ऐकणारा डिजिटल फळा आला. उत्तरं इंग्रजीत बोलायची आणि शेवटी ‘डन’ म्हणायचं, की चाचणी बंद होऊन गुण लागतात. फळा बसवायला आलेल्या माणसानं छातीठोकपणे सांगितलं होतं की तो कुणाचेही उच्चार ओळखतो.

त्याच आठवड्यात नव्या सुपरवायझर मॅडम माझा तास बघायला आल्या. माझा करार वाढणार की नाही, ते या तासावर ठरणार होतं. मुलगी दहावीत. नोकरी गेली असती तर व्हिसाही गेला असता आणि तिला ऐन परीक्षेच्या वर्षात गावी न्यावं लागलं असतं. त्यात मॅडमचं इंग्रजी असं कडक इस्त्रीचं, की मी आधीच गार पडले होते.

पहिलाच प्रश्न होता, पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे अणू किती? मी चित्रावर बोट ठेवलं आणि सवयीनं मोजलं, “एक, दोन.”

फळा टिंग करून वाजला. चाचणी समाप्त, दहापैकी शून्य.

मी नेटवर्कच्या नावानं बोटं मोडली आणि पुन्हा सुरू केलं. पुन्हा मोजलं, पुन्हा शून्य. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझं ‘दोन’ मेल्याला ‘डन’ ऐकू येत होतं. पण सांगणार कसं? इंग्रजी शाळेतली बाई मराठीत मोजते म्हणून? मी उगाच फळ्याची वायर चाचपत राहिले.

“मॅम, आय थिंक इट हेट्स यू,” मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली. वर्ग खिदळला. मला मात्र करार आणि दहावी दोन्ही बुडताना दिसत होती.

मॅडम उठल्या. बाजूला व्हा, मी बघते, असं इंग्रजीत म्हणाल्या. चष्मा सावरून त्या फळ्याजवळ वाकल्या, अणूवर बोट ठेवलं आणि त्यांच्या तोंडून हळूच निघालं, “एक, दोन.”

टिंग. दहापैकी शून्य.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीही छताकडे बघत राहिले.

“मशीनमध्ये दोष आहे असं लिहिते,” त्या अस्सल मराठीत पुटपुटल्या. “चालेल ना?”

“चालेल,” मी म्हणाले. मला रडूच येत होतं. बिचाऱ्या फळ्यावर आळ घेऊन आम्ही दोघींनी माझ्या मुलीची दहावी वाचवली.